आमदाराचं निलंबन : सभागृहाचा हात कुठपर्यंत पोचतो?

प्रश्न : औरंगजेबाबद्दलच्या वक्तव्यावरून मार्च 2025मध्ये आमदार अबू आझमी निलंबित झाले, पण फक्त अधिवेशन संपेपर्यंत. एवढा गदारोळ होऊन शिक्षा इतकी थोडी का? (वाचक, सांगली)

उत्तर : शिक्षा थोडी नव्हती, कायद्यात बसते तेवढी पुरेपूर होती. 5 मार्चला संसदीय कार्यमंत्री चंद्रकांत पाटील यांनी प्रस्ताव मांडला, आवाजी मतदानाने तो मंजूर झाला आणि अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या उरलेल्या दिवसांसाठी आझमी सभागृहाबाहेर गेले. निलंबन त्यापुढे नेता येत नाही, याचं कारण 2021मध्ये आहे.

त्या वर्षी 5 जुलैला भाजपच्या 12 आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं गेलं. अधिवेशन होतं जेमतेम दोन दिवसांचं! सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2022 रोजी तो ठराव रद्द केला. चालू अधिवेशनात शिस्त राहावी एवढाच निलंबनाचा हेतू. अधिवेशन संपलं की तो हेतूही संपतो. त्यात आणखी एक मेख आहे. आमदाराला बडतर्फ केलं तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक लागते. वर्षभराच्या निलंबनात जागा रिकामी होत नाही, मतदारसंघाला प्रतिनिधीही मिळत नाही. म्हणजे हे बडतर्फीपेक्षा वाईट. शिवाय काठावरचं बहुमत असलेलं सरकार विरोधकांची डझनभर मतं अशीच वर्षभर बाजूला ठेवू शकलं असतं. आमच्या मते निकालातला हा मुद्दा सर्वांत मोलाचा, आणि तो सत्तेत कोणीही असलं तरी लागू पडतो.

प्रश्न : आझमींचं बोलणं सभागृहाबाहेरचं, मग कारवाई सभागृहात कशी? (वाचक, ठाणे)

उत्तर : विधानसभेच्या नियम 53नुसार बेशिस्त सदस्याला अध्यक्ष स्वतः बाहेर काढू शकतात. पहिल्यांदा त्या दिवसापुरतं, त्याच अधिवेशनात पुन्हा वेळ आली तर उरलेल्या अधिवेशनापुरतं. पण हा नियम सभागृहातल्या वर्तनासाठी. बाहेरच्या वक्तव्यावर कारवाई करायची तर प्रस्ताव आणून सभागृहाची मंजुरी घ्यावी लागते. सैनिकांच्या पत्नींबद्दल प्रचारसभेत केलेल्या विधानावरून विधान परिषदेने मार्च 2017मध्ये प्रशांत परिचारक यांना दीड वर्षासाठी निलंबित केलं होतं. तेव्हा 2022चा निकाल नव्हता. आज तेवढी मुदत टिकणं अवघड.

बाहेर बोलण्यात आमदाराला दुसराही धोका असतो. सभागृहात उच्चारलेल्या शब्दांवर राज्यघटनेच्या अनुच्छेद 194(2)मुळे कोर्टात खटला चालत नाही. रस्त्यावर, सभेत किंवा कॅमेऱ्यासमोर हे कवच नसतं, तिथे सरळ गुन्हा दाखल होतो. आझमींवरही झाला.

प्रश्न : मग वक्तव्यावरून आमदारकी जाऊच शकत नाही का? (तेच वाचक)

उत्तर : जाऊ शकते, पण वाट लांबची. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 8(1)मध्ये काही गुन्ह्यांची यादी आहे. जुन्या दंडसंहितेचं 153 अ, म्हणजे गटागटांत वैर पसरवणं, त्यात आहे. त्यात दोषी ठरल्यावर नुसता दंड झाला तरी अपात्रता येते. धार्मिक भावना दुखावण्याचं 295 अ मात्र त्या यादीत नाही, तिथे किमान दोन वर्षांची कैद व्हावी लागते. तेव्हा एफआयआरमध्ये कोणती कलमं लागली, हे आधी पाहावं. नुसत्या एफआयआरने काहीच जात नाही.

सभागृह बडतर्फही करू शकतं. 2007मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासदारांबाबत हा अधिकार मान्य केला. पण शिक्षा प्रमाणात हवी. मुख्यमंत्री नीतीशकुमार यांची नक्कल केल्यावरून बिहार विधान परिषदेने 2024मध्ये आपले सदस्य सुनीलकुमार सिंह यांना बडतर्फ केलं, आणि फेब्रुवारी 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. झालेल्या काळाला निलंबन समजा, असं सांगून त्यांना परत घेतलं.

प्रश्न : निलंबित आमदार राज्यसभेसाठी मतदान करू शकतो का? (वाचक, पणजी)

उत्तर : हो. ती निवडणूक सभागृहाच्या कामकाजाचा भाग धरली जात नाही.