दुसऱ्याचा सूर

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे लेख तू दर रविवारी वाचून देतेस, त्यात तुझ्या स्वतःच्या कथा मागे पडतात, आणि मग या कामातून आपल्याला नेमके काय मिळते असा प्रश्न तुला पडतो. हा प्रश्न रास्त आहे. ‘समाधान मिळते’ एवढ्यावर त्याची बोळवण करावी असे मला वाटत नाही.

माझ्याकडे काही काळ बीड जिल्ह्यातला एक मुलगा येत असे. त्याचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात. त्याने पहिला लेख आणला तो परीक्षेतल्या उत्तरासारखा होता: प्रस्तावना, कारणे, शासनाच्या योजना आणि शेवटी समतोल निष्कर्ष. भाषा निर्दोष होती. फक्त तो स्वतः त्यात कुठेच नव्हता. तिसऱ्या पानावर मात्र, जाता जाता लिहिलेल्या एका ओळीत, पहाटेच्या अंधारात उसाच्या फडावर मोळ्या बांधणारी आई आणि कोपीत, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या बहिणीला सांभाळत बसलेला तो स्वतः दिसत होता. मी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि त्याला विचारले की त्या वेळी थंडी किती असायची, बहीण रडली तर तू काय करायचास, मुकादमाची हाक ऐकू आली की आई काय म्हणायची. तो बोलत गेला आणि मी ऐकत राहिलो. पुढच्या आठवड्यात त्याने जे लिहून आणले त्यातले एकही वाक्य मला जन्मभर सुचले नसते, कारण तो फड मी पाहिलेला नव्हता आणि ती पहाट माझ्या वाट्याला आलेली नव्हती. मराठीत आजवर नसलेले एक वाक्य आपल्यासमोर जन्माला येताना पाहणे, हा माझ्या दृष्टीने या कामाचा सर्वांत मोठा मोबदला आहे, आणि स्वतःच्या लेखनातून तो मिळत नाही.

दुसरा मोबदला तुझ्या कथांशी थेट जोडलेला आहे. दुसऱ्याच्या मजकुरात कुठे खरेपणा आहे आणि कुठे नुसता सराव आहे, हे ओळखण्याची सवय कानाला लागली की तो कान स्वतःच्या कागदावरही तितकाच कठोर होतो. आपल्या वाक्याविषयी आपल्याला माया असते. परक्याच्या वाक्याविषयी ती नसल्यामुळे पारख तिथे लवकर शिकता येते. तुझे रविवार वाया जात नाहीत, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

आपल्या भाषेत ही परंपरा जुनी आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून ठेवली, त्यांच्या निधनानंतर मुलगा सोपानदेव यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की त्या गाण्यांची खानदेशी बोली कोणी पुसून टाकली नाही. इथे पुण्यात श्री. ग. माजगावकरांनी १९६१ साली ‘माणूस’ हे नियतकालिक सुरू केले आणि वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या अनिल अवचटांचे बिहारमधल्या माणसांविषयीचे लेखन त्यात छापले. अशा संपादकांची नावे वाचकांच्या तोंडी फारशी नसतात. तुझेही नसेल. ते तुला चालणार आहे का, याचा विचार मात्र प्रामाणिकपणे कर, कारण श्रेयाची अपेक्षा मनात राहिली तर ती हळूहळू पेन्सिलीत उतरते आणि लिहिणाऱ्याच्या वाक्यावर आपली मोहोर उमटू लागते.

म्हणूनच वाक्य सुचवण्याचा मोह टाळ. अडलेल्या मुलाला आयते वाक्य देणे सोपे असते, आणि तो ते कृतज्ञतेने घेतोही. पण पुढच्या लेखात तो तुझ्यासारखे लिहू लागतो, आणि तुझ्याभोवती जमलेले चारजण एकाच सुरात लिहू लागले तर काम बिघडले असे समज. त्यापेक्षा मजकूर मोठ्याने वाचायला सांग. जिथे त्याचा आवाज बदलतो, जिथे तो भरभर उरकतो किंवा नकळत घरच्या बोलीकडे वळतो, तिथे थांबवून प्रश्न विचार. शुद्धलेखन अगदी शेवटी पाहा. आणि पात्राच्या तोंडची बोली दुरुस्त करू नकोस. तशी मुभा लेखनविषयक नियमांनीही दिलेली आहे.

लातूरहून आलेल्या ज्या मुलीविषयी तू लिहिले आहेस, तिचा लेख दिवाळी अंकाकडे पाठवायचा की नाही हे तू ठरवू नकोस. घरातल्या भांडणाचा तो प्रसंग छापून आला तर गावी त्याचे काय होईल, हे तिच्याशी सविस्तर बोल, आणि तिने तो भाग काढायचे ठरवले तर लेख कितीही उणा वाटला तरी तिच्या बाजूने उभी राहा. अंकाच्या संपादकांना मुदत वाढवून मागायची असेल तर मला कळव, मी त्यांच्याशी बोलतो.

तुझा,
एक जुना वाचक