पत्र तुमच्या कपाटात, हक्क कोणाचा?

प्रश्न : एका कवींनी माझ्या आजोबांना लिहिलेली 38 पत्रे आमच्या घरी आहेत. कवी 1961 मध्ये वारले. साठ वर्षे उलटून गेली, मग आता पुस्तक काढायला कोणाला विचारायची गरज नाही ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर : गरज आहे. कागद, पाकीट, वरचे तिकीट तुमचे. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्या पश्चात वारसांचा. तुमचा हिशेब कवींनी हयातीत छापलेल्या कवितांना लागू पडतो. त्यांची मुदत 31 डिसेंबर 2021 ला संपली. पत्रे मात्र हयातीत छापलेली नसतील, तर कॉपीराइट कायद्याचे (1957) कलम 24 लागते. तिथे साठ वर्षे मोजायची ती मृत्यूपासून नव्हे, पहिल्या प्रकाशनानंतरच्या 1 जानेवारीपासून. म्हणजे तुमच्या पत्रांची मुदत अजून सुरूच झालेली नाही! भलेभले संपादक इथे फसतात.

आधी मृत्युपत्राची चौकशी करा. हक्क एखाद्या ट्रस्टकडे गेलेले असू शकतात. तसे नसेल तर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, लग्न होऊन आडनाव बदललेल्या मुलींच्यासुद्धा. थोरले चिरंजीव फोनवर ‘छापा की’ म्हणाले, एवढ्यावर मजकूर छापखान्यात धाडू नका. करारनाम्यात पत्रांची तारीखवार यादी, मानधन, ई-बुक, अनुवाद, मुदत आणि प्रदेश हे सगळे यायला हवे. मुदत लिहायची राहिली तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश राहिला तर फक्त भारत.

वारस नकार देत असतील किंवा सापडतच नसतील, तर एक वाट उरते. लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात ठेवलेले अप्रकाशित लेखन, लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षे झाली असतील तर, प्रकाशनासाठी वापरायची मुभा कलम 52 देते. तुमचे कवी त्यात बसतात. मात्र पत्रे खरोखर संस्थेच्या ताब्यात द्या. दानपत्र फायलीला आणि पत्रे घरच्या कपाटात, हे टिकणार नाही.

पत्रांत तिसऱ्याच कोणाची उणीदुणी असतील तर ती वेगळी तपासा. वारसांची परवानगी अब्रुनुकसानीच्या दाव्यात ढाल होत नाही, आणि मृताच्या बदनामीबद्दलही फौजदारी तक्रार होऊ शकते. तेवढा भाग गाळायचा असेल तर तीन टिंबे द्या, तळटीप द्या. वाक्ये गुपचूप जोडून घेऊ नका.

प्रश्न : समीक्षालेखात अशा पत्रातल्या चार ओळी दिल्या तर?

उत्तर : चालतील, पत्रलेखकाचे नाव आणि तारीख देऊन. अख्खे पत्र उतरवून खाली दोन ओळींचे भाष्य केले, तर त्याला समीक्षा म्हणत नाहीत.