शाळेच्या टेनिस टीममध्ये नंबर कसे ठरतात? आणि तीन नंबरवाल्याला डबल्सला का टाकतात?

नंबर मुख्यतः चॅलेंज मॅचवर ठरतो, म्हणजे चार नंबरवाला तीनवाल्याला आव्हान देतो, जिंकला की दोघांच्या जागा बदलतात, शेवटचा निर्णय मात्र कोचचाच. सिंगल्समध्ये आपला एक नंबरवाला समोरच्या टीमच्या एक नंबरवाल्याशी, तीनवाला तीनवाल्याशी खेळतो, आणि सगळ्यात तगडा प्लेयर एक नंबरवरच खेळवायचा असतो, कारण मॅच एक नंबरची जिंका की तीनची, टीमला पॉइंट सहसा एकच मिळतो, मग मुद्दाम चांगल्याला खाली ठेवून सोपा पॉइंट काढायचा मोह होतो, याला स्टॅकिंग म्हणतात आणि ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. चालूही नये, समोरच्या पोरावर अन्याय होतो तो. डबल्सचं गणितच वेगळं, तिथे जोडी जमावी लागते, पार्टनरची सर्व्हिस पडली रे पडली की नेटवरच्याने आडवं सरकून परत येणाऱ्या बॉलवर व्हॉली मारायची, म्हणजे टप्पा पडायच्या आतच तो मारायचा, हे सिंगल्सवाल्या प्रत्येकाला जमतंच असं नाही. तो तीन नंबरवाला तूच असशील, तर तुला हे जमत असेल म्हणूनच टाकलं असेल.