फक्त जुनी हिंदी गाणी आणि भावगीतं ऐकत आलोय. वेगळं संगीत ऐकायला सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की घरात लहानपणापासून जुनी हिंदी गाणी, भावगीतं आणि नाट्यगीतं एवढंच वाजलं. आता वेगळं काही ऐकावंसं वाटतं, पण कुणी सुचवलेलं लावलं की दोन मिनिटांत बंद करता. माझंही सात-आठ वर्षं हेच चाललं होतं. 'ऐकायलाच हवेत असे शंभर अल्बम' अशा याद्या मी उतरवून ठेवायचो आणि तिसऱ्या-चौथ्या नावापुढे कधी गेलो नाही. त्या यादीतल्या एकाही माणसाशी आपली ओळख नसते, मग मन लागणार कसं?

मला वाट सापडली ती घरातल्याच गाण्यात. वडिलांना सी. रामचंद्र फार प्रिय. एका रविवारी मी स्वयंपाकघरात गवार मोडत बसलो होतो आणि कानाला हेडफोन होता. 'अलबेला'ची गाणी लावली होती. ही गाणी मला तोंडपाठ, म्हणजे शब्द पाठ. त्या दिवशी पहिल्यांदा लक्ष गेलं ते कडव्यांच्या मधल्या म्युझिककडे. गायक ओळ सोडतो तिथे ट्रम्पेट ती उचलतो, जरा वाकवतो आणि परत गायकाच्या हातात देतो. ती जागा मी मागे नेऊन नेऊन दहा वेळा ऐकली. मग प्रश्न पडला, हे वाजवतंय कोण?

तेव्हा चिक चॉकलेट हे नाव कळलं. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा. मुंबईत ताजमहाल हॉटेलात त्याचा जॅझचा बँड वाजायचा (जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमधून आलेलं संगीत, ज्यात वादक आयत्या वेळी सुचेल तसं फुलवत जातो) आणि सी. रामचंद्रांकडेही तो काम करायचा. १९५१ च्या 'अलबेला'त तो बँडसह पडद्यावरही दिसतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य नोटेशन शिकवत असत. त्यामुळे मुंबईच्या सिनेमाला मोठा वाद्यमेळ हवा झाला तेव्हा कागदावरचं वाचून वाजवणारे हात गोव्याचेच मिळाले. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे वाद्यमेळाची मांडणी करणारे सेबॅस्टियन डिसूझा होते. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस, त्यांच्या नावाचं गाणं तर आपण सगळे लग्नाच्या वरातीत नाचलोय. म्हणजे ज्याला आपण 'आपलं जुनं गाणं' म्हणतो त्यात जॅझ आधीपासूनच मुरलेलं आहे. तुमचा कान तुम्हाला वाटतो तितका कोरा नाही, हे मला तुम्हाला मनापासून सांगायचंय.

चिक चॉकलेटला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. मग मी मूळ आर्मस्ट्राँगकडे, म्हणजे अमेरिकेतल्या त्या जॅझ ट्रम्पेटवादकाकडे गेलो. त्याचं 'वेस्ट एंड ब्लूज' नावाचं रेकॉर्डिंग आहे, १९२८ सालचं, शिकागोतलं, जेमतेम सव्वातीन मिनिटांचं. सुरुवातीला ठेका नाही, साथ नाही, ट्रम्पेट एकटा. काही सेकंदांत तो खालून वर चढतो आणि गिरक्या घेत उतरतो. ख्याल ऐकणाऱ्याला हे लगेच कळतं, ठेका धरायच्या आधी गायक राग मांडतो तसंच. पुढे चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. ते पुन्हा पुन्हा फिरतं आणि प्रत्येक फेरीत वाजवणारा बदलतो. मध्ये आर्मस्ट्राँग क्लॅरिनेटशी शब्दांशिवाय गळ्याने बोलतो. तराणा ऐकलेल्या माणसाला त्यात परकं काय वाटणार? आणि शेवटच्या फेरीत तो वरचा एकच सूर धरतो आणि जवळजवळ १६ मात्रा सोडत नाही. खाली आवर्तन पुढे सरकत असतं आणि हा तिथेच उभा. पहिल्यांदा ऐकताना माझाच श्वास अडकला होता. तो तेव्हा २६ वर्षांचा होता.

एक करा, पहिले पंधरा दिवस हे एकच ऐका. रोज एकदा, दुसरं काही न करता. आवडलं की नाही हे ठरवायची घाई करू नका. एका दिवशी नुसता पियानो ऐका (अर्ल हाइन्सचा आहे, त्याची फेरी फार सुंदर आहे), एका दिवशी आवर्तन मोजा, समेवर मान हलते का बघा. भीमसेनजींची तोडी आपल्याला आवडते ती काही पहिल्या खेपेला आवडली नव्हती. लहानपणी घरात शंभरदा कानावर पडली म्हणून ती आपली झाली. नव्या संगीताला आपण दोन मिनिटं देतो. हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो.

त्यानंतर जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम, १९५९ चा. यातली पहिलीच रचना 'सो व्हॉट'. जॅझमध्ये स्वरमेळ (कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर) भराभर बदलत राहतात आणि आपला कान तिथेच गोंधळतो, कारण आपल्याला एका षड्जावर बसायची सवय. इथे तसं होत नाही. पहिले १६ खंड सूर आपल्या काफी थाटाचे, गंधार-निषाद कोमल. मग आठ खंडांसाठी अख्खा षड्जच अर्ध्या सुराने वर सरकतो आणि पुढच्या आठ खंडांत परत घरी येतो. हे सरकणं एकदा ओळखू आलं की दर वेळी त्याची वाट बघता. पेटीवर सा धरून ऐकलंत तर लगेच सापडेल. माझ्या पुतणीला, जी पेटी शिकते, ते पहिल्या दिवशीच सापडलं. 'काका, सा हलला!' असं ओरडली ती.

या अल्बममधला एक सॅक्सोफोन जॉन कोल्ट्रेनचा. त्याला आपल्या संगीताची इतकी ओढ होती की मुलाचं नाव त्याने रविशंकरांवरून रवी ठेवलं. पण त्याचं शेवटच्या काळातलं वादन आत्ता लावू नका. मी लावलं, तीनदा अर्ध्यावर सोडलं आणि वर्षभर जॅझकडेच फिरकलो नाही. क्रम चुकला की असं होतं.

तुम्हाला ट्रम्पेट नकोच असेल तर दुसरं काही धरा. गोव्याचा धागा सोडवत नसेल तर ख्रिस पेरीचं संगीत आणि लोर्नाचा आवाज, कोंकणीतली गाणी, शब्दही बऱ्यापैकी समजतील. तबला आवडत असेल तर झाकीर हुसेन आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनचा 'शक्ती' हा बँड. मुद्दा इतकाच की आपल्या ओळखीच्या गाण्यातला एक हात पकडायचा आणि तो माणूस कुणाकडून शिकला, कुणाबरोबर वाजवायचा, हे विचारत पुढे जायचं. अ‍ॅप जे आपोआप पुढे लावतं ते बहुतेकदा कालच्यासारखंच असतं, त्यावर विसंबू नका. रेकॉर्डिंगखाली वादकांची नावं असतील तर ती वाचा, माझ्या पुढच्या बऱ्याचशा वाटा तिथूनच फुटल्या.

आणि तुमची सगळ्यात आवडती तीन गाणी खाली लिहा. त्यात कुठलं वाद्य पुढे आहे ते ऐकून मला काही सुचलं तर नक्की कळवेन.