तेच गायक, तीच भजने, दुसऱ्यांदा

प्रश्न : माळव्यातील एका कबीर भजन गायकांना मी प्रथम ऐकले ते देवासजवळच्या एका गावात, नातेवाइकांकडे गेलो असताना. रात्रभर चाललेल्या त्या बैठकीने मी पुरता भारावून गेलो होतो. यंदा त्यांचा कार्यक्रम आमच्या शहरातील मोठ्या सभागृहात झाला, तेव्हा मी आवर्जून पुढच्या रांगेचे तिकीट काढले. भजने बहुतेक तीच होती, दोन भजनांच्या मधले निरूपणही जवळजवळ तेच होते. मात्र एका भजनातले एक कडवे गळले होते आणि दुसऱ्या भजनात एक अनोळखी कडवे आले होते. गायन उत्तमच झाले, तरी पहिल्या वेळची अनुभूती काही आली नाही. शास्त्रीय गायक तोच राग दर वेळी नव्याने मांडतात. लोकगायकाकडून तशी अपेक्षा ठेवणे चुकीचे आहे काय? आणि कडव्यांमधला फरक ही विस्मरणाची खूण समजावी काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करू, कारण तिचे उत्तर सर्वांत सोपे आहे. कडवे गळणे किंवा नवे येणे ही विस्मरणाची खूण नव्हे. कबीर पंधराव्या शतकातले मानले जातात, आणि त्यांची पदे समाविष्ट असलेल्या, आज उपलब्ध असलेल्या अगदी जुन्या हस्तलिखितांपैकी एक फतेहपूरचे, १५८२ सालचे आहे. त्यात कबीरांच्या नावावर जेमतेम पंधरा पदे आहेत. पुढे १६०४ मध्ये सिद्ध झालेला शिखांचा आदिग्रंथ, राजस्थानातील दादूपंथीयांच्या पोथ्या आणि कबीरपंथीयांचा बीजक यांत मोठे संग्रह झाले, पण त्यांचे पाठ एकमेकांशी पुरते जुळत नाहीत, आणि माळव्यात आज गायिली जाणारी कितीतरी भजने तर यांपैकी कोणत्याही संग्रहात सापडत नाहीत. ती गळ्यातून गळ्यात आलेली आहेत. गायकाने एखादे कडवे दुसऱ्या मंडळीकडून ऐकले, ते पटले, चालीत बसले, तर ते भजनात येते. एखादे त्या दिवशीच्या विषयाशी जुळत नसेल तर गाळले जाते. शेवटी ‘कहे कबीर’ ही छाप आली की श्रोत्यांच्या दृष्टीने ते भजन कबीरांचे ठरते. छापील पुस्तक हाती धरून पाठ तपासण्याची आपल्याला सवय लागली आहे म्हणून या गोष्टीत चूक दिसते, एवढेच.

आता ‘तेच ते’ या मुख्य तक्रारीकडे वळू. ख्यालगायकाकडून आपण विस्ताराच्या नावीन्याची अपेक्षा ठेवतो, कारण बंदिश लहान असते आणि सारे काम तिच्या भोवती चालते. भजनात शब्द मोठा असतो आणि चाल त्याची वाहक असते, त्यामुळे तिच्यात फार फेरफार करण्याचे कारण गायकाला वाटत नाही. आपल्याकडच्या वारकरी भजनात ‘रूप पाहता लोचनी’ रोज म्हटले जाते आणि हरिपाठ तर दररोज तोच असतो. त्याबद्दल कोणी कुरकुर केल्याचे ऐकिवात नाही. त्याच श्रोत्यांनी तिकीट काढून खुर्चीत बसल्यावर मात्र नवे काही तरी मागावे, हा भेद गायकाने निर्माण केलेला नाही, तो तिकीट खिडकीने निर्माण केला आहे.

याचा अर्थ गायनात काहीच बदलत नाही असा मुळीच नाही. बदल कुठे शोधायचा हे ठाऊक असले पाहिजे. माळव्याच्या पद्धतीत भजन सुरू होण्यापूर्वी एक किंवा अधिक साख्या, म्हणजे आपण ज्यांना दोहे म्हणतो त्या, संथपणे आणि बहुधा ठेक्याविना म्हटल्या जातात, आणि त्यानंतर ढोलक सुरू होऊन टेक, म्हणजे ध्रुवपद, धरली जाते. पुढे येणाऱ्या भजनाचा रोख या साखीने ठरतो. देहाच्या नश्वरतेविषयीची साखी आधी आली तर पाठोपाठचे भजन मृत्यूचे वाटते. तेच भजन पंडित आणि मुल्ला यांना उद्देशून असलेल्या साखीनंतर आले तर त्याला जातिभेदावरील टीकेची धार चढते. गायकाची निवड आणि त्याची त्या दिवशीची मनःस्थिती मला तरी तानांपेक्षा या जागी अधिक स्पष्ट दिसते. पहिल्या वेळी आपण आवाजाने भारले गेला होता, तेव्हा साखीकडे लक्ष जाणे अवघडच होते. दुसऱ्या वेळी ते शक्य होते. साथीचेही तसेच आहे. मुख्य गायक एका हाताने पाच तारांचा तंबुरा छेडतो आणि दुसऱ्या हातात करताल वाजवतो, सोबत मंजिरे, ढोलक, हार्मोनियम आणि पुष्कळदा व्हायोलिन असते. हे व्हायोलिन गायकाची ओळ उचलून परत म्हणते आणि त्याला दमाची उसंत मिळवून देते. प्रथमच ऐकणाऱ्याला ही वाटणी सहसा जाणवत नाही.

निरूपणाविषयीही असेच म्हणता येईल. या परंपरेतील सर्वांत परिचित नाव प्रह्लादसिंह टिपानिया यांचे; उज्जैन जिल्ह्यातील लुनियाखेडीचे हे गायक व्यवसायाने शाळाशिक्षक होते, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या सादरीकरणात भजन मध्येच थांबवून अर्थ उलगडून सांगणे हा गायनाइतकाच महत्त्वाचा भाग असतो. शिक्षकाने तोच धडा दर वर्षी नव्या वर्गाला शिकवावा यात वावगे काय? अडचण त्या विद्यार्थ्याची, जो त्याच वर्गात पुन्हा येऊन बसला आहे.

तरीही आपल्या निराशेत तथ्य आहे, आणि त्याचा दोष मी आपल्याला किंवा गायकाला न देता सभागृहाला देईन. माळव्यातील बैठकीत एकामागून एक मंडळ्या गातात, श्रोत्यांतले अनेक जण स्वतः भजनी असतात, कोणी एखादे भजन सुचवतो, कोणी अर्थावरून वाद घालतो. देवास येथे १९९० च्या दशकात ‘एकलव्य’ या संस्थेने कबीर भजन आणि विचार मंच चालवला होता. तेथे दर महिन्याला गावोगावच्या मंडळ्या जमत, रात्रभर गात आणि गायिलेल्या शब्दांवर चर्चा करत. या मंडळ्यांत दलित समाजातील गायक मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे अस्पृश्यतेवरचे कडवे तेथे कोणालाही निव्वळ काव्य वाटत नाही. सभागृहात यांतले काय उरते? दीड-दोन तासांची मर्यादा, एकच मंडळी, लोकप्रिय भजने घ्यावीत असा आयोजकांचा आग्रह, आणि प्रेक्षागृहातला अंधार. पुढची साखी ज्यांचे चेहरे पाहून निवडायची ते चेहरेच गायकाला दिसत नसतील, तर तो हमखास जमणाऱ्या क्रमाकडे वळणार. आपण दुसऱ्यांदा ऐकला तो बहुधा असा क्रम होता. गायकाचे सामर्थ्य त्यावरून जोखू नये.

प्रश्न : माझे कान कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांवर पोसलेले आहेत. त्यांनी गायिलेले ‘सुनता है गुरु ज्ञानी’ माळव्यातील मंडळीकडून प्रथम ऐकले तेव्हा ते मला फारच साधे वाटले. पुढील महिन्यात पुन्हा ऐकण्याची संधी आहे. मूळ चाल कोणती समजावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : क्षयाच्या आजारपणामुळे कुमारजी १९४८ मध्ये देवासला राहायला गेले आणि तेथील लोकगीते, नाथपंथी जोग्यांची भजने त्यांच्या कानांवर पडली. त्यांनी त्या गायकीतून सूर उचलला, पण मांडणी आपली केली: एकट्याचा आवाज, स्वरांमधली मोकळी जागा, शब्द अचानक फेकून पुन्हा शांत होणे. मंडळीचे गायन समूहाचे आहे. टेक सर्वांनी उचलायची असते, म्हणून ती सर्वांना पेलेल अशीच असावी लागते. त्या साधेपणामागे हे कारण आहे. माळव्यातल्या मंडळ्याही ही भजने एकाच चालीत गात नाहीत, तेव्हा एक मूळ चाल शोधून तिच्यावरून दुसरीचे मूल्य ठरवणे निष्फळ होईल. कुमारजींचे ध्वनिमुद्रण कार्यक्रमापूर्वी काही दिवस न ऐकलेले बरे. तुलना मनात घेऊन बसलेल्या माणसाला दोन्हींपैकी एकही धड ऐकू येत नाही.

प्रश्न : अशाच एका गायकांना मी दुसऱ्यांदा ऐकणार आहे, या वेळी आई-वडिलांना घेऊन. त्यांना माळवी समजत नाही. काही तयारी करावी काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मराठी माणसाला माळवी तितकीशी परकी वाटत नाही, गायनात शब्द पुन्हा पुन्हा येत असल्याने टेक तरी लवकर उमगते. तीन-चार भजनांचे शब्द आधी वाचून दाखवावेत, एवढे पुरे. शबनम विरमानी यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या कबीर प्रकल्पातून माळव्यातील गायकांची मुद्रणे व चित्रपट तयार झाले आहेत, तेही घरी दाखवता येतील. पूर्ण कार्यक्रमाचे चित्रण मात्र दाखवू नये, नाही तर त्यांचे पहिले ऐकणेही दुसरे होऊन बसेल. आणि आयोजकांकडे एक चौकशी अवश्य करावी: मोठ्या कार्यक्रमाच्या मागे-पुढे अशा मंडळ्या कधी कधी एखाद्या घरी किंवा शाळेत लहान बैठक करतात. तशी बैठक ठरलेली असेल आणि दोन्हींपैकी एकालाच जाणे जमणार असेल, तर सभागृहाचे तिकीट काढू नये.