‘आम्ही मुलीसमोर कधीच भांडत नाही’

‘मॅडम, आमचं थोडंफार वाजतं, पण मुलीसमोर आम्ही कधी आवाज चढवत नाही. मग तिला हा त्रास कशाचा?’

हा प्रश्न इतक्या आईवडिलांनी विचारलाय की एका घराची गोष्ट सांगूनच उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलीला आपण चिऊ म्हणू.

चिऊ ९ वर्षांची. वडील नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, आई पतसंस्थेत. चिऊचं पोट दुखायचं, बेंबीच्या आसपास, रोज संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास. बालरोगतज्ज्ञांनी जंताचं औषध दिलं, रक्त-लघवी तपासली, सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. वजन नीट, ताप नाही, रात्री दुखण्याने जाग येत नाही. मग त्यांनी समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं. (हा क्रम महत्त्वाचा आहे. पोटदुखी आधी डॉक्टरांची, मग माझी. आणि ‘सगळं नॉर्मल’ म्हणजे मूल नाटक करतंय असं नव्हे. ताणाने पोट खरंच दुखतं.)

आई एक गोष्ट बोलता बोलता सांगून गेली: आजोळी गेली की पोट दुखत नाही. तिच्या मते हा आजीच्या हातच्या मऊ भाताचा गुण. मी ते वहीत लिहून ठेवलं.

चिऊला एकटीला घेऊन बसले. घराचं चित्र काढ म्हटलं. तिने स्वयंपाकघर काढलं, हॉल काढला आणि मधल्या पॅसेजमध्ये स्वतःला.

‘इथे काय करतेस?’

‘निरोप देते. आई म्हणते, बाबांना सांग पान वाढलंय. बाबा म्हणतात, आईला सांग मला भूक नाही.’

‘मग तू आईला तसं सांगतेस?’

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मला काही कळतच नाही. ‘नाही. मी सांगते, बाबा दहा मिनिटांत येतायत. मग बाबांकडे जाऊन सांगते, आईने तुमच्यासाठी भरीत केलंय.’

पोट का दुखतं ते मला तेव्हा कळलं. जेवणाची वेळ ही तिच्या ड्यूटीची वेळ होती. बरं, नुसतं टपाल पोचवणं नव्हे. प्रत्येक पत्र उघडून, त्यातला कडवटपणा काढून, पुन्हा चिकटवून द्यायचं. मोठ्यांनाही हे रोज जमत नाही.

त्या घरात ११ दिवस अबोला होता. नवऱ्याने गावाकडच्या भावाला ट्रॅक्टरसाठी पैसे दिले होते, बायकोला न सांगता. तिला ते जाऊबाईंच्या तोंडून कळलं, तेही हळदीकुंकवात, चार बायकांत. ती गप्प झाली, मग तोही. असा अबोला त्यांच्याकडे नवा नव्हता आणि त्यामागचं भांडण कधी मिटायचंच नाही. पाहुणे यायचे, नाहीतर कुणी आजारी पडायचं आणि पुन्हा बोलणं सुरू व्हायचं. चिऊने भांडण कधी ऐकलं नव्हतं हे खरं. पण ते मिटतानाही कधी पाहिलं नव्हतं. मग तिने आपल्या मनाशी हिशेब मांडला: मी निरोप नीट दिले म्हणून आईबाबा बोलायला लागले.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ई. मार्क कमिंग्ज यांनी १९८० च्या दशकात मुलांना मोठ्या माणसांच्या रागाचे प्रसंग चित्रफितीवर दाखवून त्यांच्या प्रतिक्रिया तपासल्या. आरडाओरडा नसलेला, नुसता चेहऱ्यावरचा आणि हालचालींतला रागही मुलांना जाणवत होता आणि त्रास देत होता. वाद मिटलेला दिसला, की तो त्रास बराच उतरायचा. मला यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो, कारण घरात वाद होऊच नयेत ही अपेक्षा मी कुणाकडून करत नाही. माझ्या स्वतःच्या घरातही ती पुरी झालेली नाही.

आईवडिलांना पहिल्यांदा एकच गोष्ट सांगितली. चिऊमार्फत निरोप बंद. ‘बाबांना सांग चहा झालाय’ एवढासुद्धा नाही. एरवी कुठल्याही घरात तो निरोप साधाच असतो, पण या घरात सध्या नको.

पहिल्या आठवड्यात नवऱ्याने हॉलमधून स्वयंपाकघरात व्हॉट्सॲप केलं: ‘जेवायला येतो.’ बायकोने उत्तर दिलं: ‘बरं.’ मला हे सांगताना दोघं ओशाळली होती. मला हसू आलं, पण म्हटलं, चालेल. टपाल पोरीकडून काढून घेतलंत ना!

पैशांचा विषय निघाला तेव्हा मात्र कस लागला. पुस्तकात सांगतात, ‘तुम्ही असंच करता’ म्हणण्याऐवजी ‘मला असं वाटतं’ म्हणा. तत्त्व योग्य आहे. पण ‘तुम्ही असं वागता तेव्हा मला दुःख होतं’ हे आपल्या तोंडी मालिकेतल्या संवादासारखं वाटतं. ती ते म्हणून बघायला गेली आणि दोघांनाही हसू फुटलं. मग मी सांगितलं, तुमच्या बोलीत बोला, फक्त टोमणा वगळा. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘अहो, पैसे दिल्याचं नाही हो. चारचौघींत जाऊबाईंकडून कळलं, ते लागलं.’

तो खिडकीकडे बघत राहिला. म्हणाला, ‘तू नाही म्हणशील म्हणून भ्यालो.’ लग्नाला १२ वर्षं झाली होती. नवरा आपल्याला भितो हे तिला त्या दिवशी कळलं. ‘चुकलं’ हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही, मी ताणलंही नाही. ‘पुढच्या वेळी आधी तुला सांगेन’ यावर काम भागलं.

राहिली चिऊ. तिला काय सांगायचं ते आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. पैशांचा तपशील नाही. एवढंच: ‘आमचं भांडण झालं होतं. आम्ही बोललो, मिटलं. ते तुझ्यामुळे झालं नव्हतं आणि तुझ्यामुळे मिटलंही नाही.’ शेवटचे शब्द वडिलांना कठोर वाटले, ‘बिचारीने एवढं केलं.’ म्हटलं, म्हणूनच सांगा. ही नोकरी सुटल्याशिवाय पोट थांबायचं नाही.

चिऊने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग आता निरोप कोण देणार?’

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगते. जिथे बाई भीतीपोटी गप्प आहे, जिथे हात उचलला जातो, तिथे मोकळेपणाने बोला हा सल्ला धोक्याचा आहे. तिथे महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ या हेल्पलाइनला फोन करावा.

चिऊची पोटदुखी एका दिवसात गेली नाही. आधी रोजची आठवड्यातून दोनदा झाली, मग परीक्षेच्या दिवसांपुरती उरली. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या जुन्या सामानावरून त्या घरात पुन्हा दीड दिवस अबोला झाला. आईचा फोन आला, सुरात अर्धी तक्रार. सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं होतं, ‘चिऊ, बाबांना सांग फराळाला या.’

‘तूच सांग ना, गॅलरीतच आहेत,’ असं म्हणून चिऊ चपला घालून खाली खेळायला निघून गेली होती.