वाचकांचे प्रश्न : फ्रीजर बर्फ साचणारा घ्यावा की न साचणारा?

प्रश्न : आमचे घर रत्नागिरी तालुक्यातील एका गावात आहे. आमरस, ओले काजूगर आणि १ जूनपासून मासेमारी बंद होण्यापूर्वी घेतलेली सुरमई व बांगडे हे सारे फ्रिजच्या वरच्या कप्प्यात मावत नाही, म्हणून वेगळा फ्रीजर घेण्याचा विचार आहे. पेटीसारख्या आडव्या फ्रीजरमध्ये बर्फ साचतो आणि तो हाताने काढावा लागतो, म्हणून दुकानदार उभा, फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर घ्या असे सुचवतात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज वरचेवर जाते. कोणता घ्यावा?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपली गरज पाहता पेटीसारखा, म्हणजे डायरेक्ट कूल पद्धतीचा फ्रीजरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानदार सांगतात ते खोटे नाही. पण बर्फ काढण्याचा त्रास वर्षातून दोन-तीनदाच होतो आणि साठवलेल्या मालाची काळजी बाराही महिने असते.

फ्रॉस्ट-फ्री यंत्रात थंड करणारी कॉइल मागच्या झाकणाआड असते आणि तिच्यावरून पंखा गार हवा आत खेळवतो. कॉइलवर जमलेला हिमाचा थर वितळवण्यासाठी एक हीटर ठरावीक काळाने आपोआप चालू होतो आणि ते पाणी नळीवाटे खालच्या ट्रेमध्ये जाऊन तिथेच सुकते. सोय मोठी आहे, परंतु प्रत्येक वेळी आतले तापमान थोडे वर चढून पुन्हा खाली येते, शिवाय सतत फिरणारी कोरडी हवा अन्नातला ओलावा ओढून घेते. नीट न गुंडाळलेल्या सुरमईच्या तुकडीच्या कडा काही आठवड्यांनी पांढरट आणि चामट झालेल्या दिसतात, त्या यामुळेच. असा मासा खाल्ल्याने अपाय होत नाही, पण कालवणात त्याला चव राहत नाही. पेटीच्या फ्रीजरमध्ये कॉइल भिंतींतच असते आणि पंखा नसतो, त्यामुळे तापमान स्थिर राहते आणि बिघडण्याजोगे भागही कमी असतात. झाकण वरून उघडत असल्याने जड असलेली गार हवा आतच राहते. उभ्या फ्रीजरचे दार उघडताच ती पायांवर ओतली जाते.

विजेच्या दृष्टीनेही पेटीच सरस आहे. झाकण न उघडल्यास भरलेला फ्रीजर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास माल गोठलेला ठेवतो, असे मानले जाते. मे महिन्यातील उकाड्यात मात्र यापेक्षा कमीच धरावे. रिकामी जागा उरली तर पाण्याच्या बाटल्या वरून थोड्या रिकाम्या ठेवून आत गोठवाव्यात. तापमान उणे १८ अंश सेल्सिअस ठेवावे. बांगडा तेलकट मासा असल्याने दोन-तीन महिन्यांत संपवावा, म्हणजे बंदीच्या काळापुरता तो व्यवस्थित पुरेल.

आता बर्फाविषयी. हा बर्फ मुख्यतः झाकण उघडताना आत शिरणाऱ्या दमट हवेचा असतो, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात तो लवकर वाढणार हे गृहीत धरावे. थर पाच-सहा मिलिमीटर झाला की काढावा, कारण तो मध्ये पांघरुणासारखा आडवा येतो आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालू लागतो. आपल्या घरी फ्रीजर आपसूक रिकामा होण्याच्या दोन वेळा आहेत: नवा आंबा येण्यापूर्वी, आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास, साठवलेले मासे संपत आल्यावर. तेव्हा उरलेला माल वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत ठेवावा, प्लग काढावा, तळाचे बूच उघडावे आणि आत गरम पाण्याचे पातेले ठेवून झाकण उघडे सोडावे. सुरी, उलथने किंवा स्क्रू ड्रायव्हर कधीही वापरू नये. भिंतीआडच्या कॉइलला भोक पडले तर बहुधा सगळा फ्रीजरच टाकून द्यावा लागतो, आणि आजकाल अनेक फ्रीजरमध्ये असणारा आर-६००ए हा वायू ज्वलनशील असतो.

पेटीचा खरा तोटा दुसराच आहे, आणि तो दुकानात कोणी सांगत नाही: तळाशी गेलेली वस्तू विस्मृतीत जाते आणि कंबर दुखणाऱ्या माणसाला वाकून ती काढता येत नाही. घरात वयस्कर व्यक्तीच स्वयंपाक करत असेल, वीज सहसा जात नसेल आणि फ्रीजर दिवसातून अनेकदा उघडला जात असेल, तर मी उभा फ्रॉस्ट-फ्रीच सुचवला असता. मग प्रत्येक वस्तू हवा काढून दुहेरी पिशवीत किंवा घट्ट डब्यात ठेवण्याची शिस्त पाळावी लागते.

प्रश्न : आमचा दोन दारांचा फ्रिज फ्रॉस्ट-फ्री असूनही वरच्या कप्प्यात मागच्या बाजूने बर्फ दिसतो. खालचा कप्पा मात्र गार होत नाही. हे कशामुळे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा सेन्सर किंवा पाणी वाहून नेणारी नळी यांपैकी काहीतरी बिघडले असावे. कॉइल बर्फाने बुजली की खाली हवा पोहोचत नाही. पंखा बर्फाला घासून खरखर आवाजही येतो. दाराच्या रबराला फट पडली आहे का, हे आधी कागदाची पट्टी दारात अडकवून पाहावे. ती सहज सुटून आली तर रबर सैल झाले आहे. फ्रिज दिवसभर बंद करून दारे उघडी ठेवल्यास काम तात्पुरते सुरळीत होईल, पण काही दिवसांत तोच त्रास पुन्हा झाला तर भाग बदलावाच लागेल. एखादा कारागीर आल्याआल्या ‘गॅस संपला’ म्हणाला, तर पैसे ठरवण्यापूर्वी त्याला मागचे झाकण उघडून कॉइल दाखवायला सांगावे.